हरकत कुणाचीच नाही

घरोघरी एक पिशव्यांची पिशवी असते. दारामागं खिळ्याला टांगलेली. आतल्या पिशव्या टाकवत नाहीत, आणि लागते तेव्हा हवी ती सापडत नाही. आमच्या केंद्रातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. दर उन्हाळ्यात लॉ कॉलेजची पोरं इंटर्नशिपला येतात, महिना-दीड महिना राहतात, सर्टिफिकेट घेतात आणि जाताना दोन-चार किस्से माझ्याकडं ठेवून जातात. सर्टिफिकेटचं ते काय करतात मला माहीत नाही. किश्श्यांचं मी काय करू, हेही मला माहीत नाही. म्हणून सांगून मोकळी होते.

केंद्र म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. मी वकील. रशीदभाई टायपिंग करतात, फोन घेतात आणि मी चिडले की न सांगता पंखा वाढवतात. नोकरीच्या जागी जातीवरून, धर्मावरून, बाई आहे म्हणून, पायानं अधू आहे म्हणून कुणाला बाजूला सारलं, की ते माणूस आमचा जिना चढतं. कायदे आहेत. चांगले आहेत. ते अमलात यावेत म्हणून कुणालातरी उन्हात चपला झिजवाव्या लागतात. त्या चपला इंटर्नच्या असाव्यात अशी कॉलेजची इच्छा असते आणि वयोमानानुसार आता माझीही!

*

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. पहिल्याच सकाळी वही उघडून म्हणाला, "मॅडम, आपल्याला भेदभाव प्रत्यक्ष कुठं बघायला मिळेल?"

पाहुण्यांनी वेरूळची लेणी विचारावीत तसं. वर म्हणाला, "आजच नेता का?"

मी दोन कोर्टांच्या फायली लावत होते. म्हटलं, "त्या खिडकीपाशी उभा राहा."

पोरगं गुणी. खरंच जाऊन उभं राहिलं. बऱ्याच वेळानं परत आलं आणि म्हणालं, "मॅडम, काहीच नाही दिसलं. खाली फक्त एक बाई रस्ता झाडतेय, आणि ती झाडून पुढं गेली की टपरीवरचे लोक तिच्या मागं चहाचे कप टाकतायत."

म्हटलं, "बस खाली. झाली तुझी इंटर्नशिप!"

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

*

मागच्या बॅचला कॉलेजचं पत्र आलं. विषय, कामाच्या ठिकाणच्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांची अंमलबजावणी. खाली विनंती: विद्यार्थ्यांना कंपन्यांच्या भेटी आणि सुनावण्या द्याव्यात, विद्यार्थिनींना शक्यतो बसून करायचं काम द्यावं.

मी कॉलेजच्या सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, पत्र परत एकदा वाचा."

त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठं अडखळले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे की!"

"विषय काय आहे सर?"

"भेदभाव."

"आणि खालचं?"

"ती काळजी आहे मॅडम!"

मी फोन ठेवला. पंखा आपोआप वाढला.

दुसऱ्या दिवशी पत्रातली विद्यार्थिनी हजर झाली. रोहिणी. कन्नडच्या पुढं गाव, घरी शेती, बापानं शहरात ठेवायला नकार दिलेला, म्हणून रोज एसटीनं ये-जा. कपाळावर घाम, खांद्याला भली मोठी सॅक. मी तिला पत्र दाखवलं आणि विचारलं, तुला काय हवंय.

ती म्हणाली, "मॅडम, मी कन्नडपासून उभी राहून येते. बसायचं मला एसटीत मिळंना, तर इथं बसून काय करू?"

त्या दिवसापासून बाहेरची कामं रोहिणीची.

*

तिच्यासोबतचा दुसरा इंटर्न चिन्मय देशपांडे. समर्थनगरात घर, आजोबा वकील, वडील वकील. पहिल्या दिवशी टाय लावून आला होता, मे महिन्यात! राज्यघटनेची कलमं त्याला अशी पाठ होती की मधेच तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मुलगा मात्र सरळ. घरात ज्या गोष्टी कधी दिसल्या नाहीत, त्या जगात नसतील असं मानणारा.

दुपारी चारला आमच्याकडं चहा होतो. रशीदभाईंनी सवयीनं रोहिणीकडं बघितलं. रोहिणीनं फाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "मी कायदा शिकायला आलेय."

मग चिन्मयकडं सगळ्यांनी बघितलं. तो बिचारा उठला. गॅस कसा पेटवायचा इथपासून सुरुवात होती. आतून बराच वेळ खडखडाट ऐकू आला. शेवटी चहा आला. दूध वेगळं, पाणी वेगळं, आणि पावडर तिसरीकडंच.

रशीदभाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मला गंभीरपणानं विचारलं, "मॅडम, हमारे साथ ये जो हुआ, इसकी तक्रार किधर करते?"

*

शोभाबाई आल्या त्या याच दोघांच्या वेळी.

वाळूजकडच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्या स्वयंपाक करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं जड, बोलायला मवाळ. त्यांच्या आमटीसाठी दुसऱ्या पाळीची माणसं लवकर यायची म्हणे. कॅन्टीनचा कंत्राटदार कुणीही पाहुणा आला की छाती काढून सांगायचा, "आपल्याकडं जेवण एकदम घरच्यासारखं!" कुणाच्या घरच्यासारखं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत शोभाबाई क्रांती चौकात नाचत होत्या. पांढरी साडी, गळ्यात निळा रुमाल. कंपनीच्या मॅनेजरची गाडी नेमकी त्या गर्दीत अडकली. साहेब वैतागून हॉर्न वाजवत होते. शोभाबाईंनी त्यांना ओळखलं आणि आनंदानं हाक मारली, "साहेब, या की!"

साहेबांनी काच वर केली.

त्याच आठवड्यात कंत्राटदारानं शोभाबाईंना बाजूला घेतलं आणि प्रेमानं सांगितलं की तुमचे गुडघे दुखतात, या वयात उभं राहून स्वयंपाक करणं बरं नाही, उद्यापासून बसून भांडी घासा. पगार तोच.

"गुडघं माझं कधीच दुखलं नव्हतं मॅडम," शोभाबाई म्हणाल्या. "आता दुखतेत. बसून बसून."

चिन्मय पेन सरसावून बसला होता. नुकसानभरपाई, लेखी माफी, फौजदारी, सगळं त्याच्या मनात ओळीनं उभं होतं. त्यानं विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"कढई," शोभाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझी कढई मला परत पायजे. दुसरं काय नको."

मी त्यांना सगळे रस्ते सांगितले. पोलिसांत जाता येतं, त्यासाठी वेगळा कडक कायदा आहे, मी सोबत येते. त्यांनी हात जोडले. "पोलिस नको. पोरगा तिथंच मशीनवर हाय. त्याला ठिवणार नायती." मग एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. कार्यालयाचं नाव घेत नाही, मला तिथं अजून जावं लागतं.

शोभाबाई जिना उतरून गेल्यावर रोहिणी खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "मॅडम, त्यांनी साहेबांना हाक मारली नसती तर?" मी अर्जाची पानं जुळवत बसले. खरं सांगते, वाईट वाटायची सवय होते असं लोक म्हणतात, ती मला अजून झालेली नाही.

*

कंपनीत जाऊन नुसती पाहणी करायची, कुणाशी वाद घालायचा नाही, एवढं सांगून मी चिन्मयला पाठवलं. रोहिणीची एसटी त्या दिवशी घाटाखालून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकली होती, म्हणून तो एकटा गेला.

संध्याकाळी परत आला तो चेहऱ्यावर समाधान घेऊन. रिपोर्ट टाइप करूनच आणला होता. मी वाचायला घेतला.

'कंपनीतील वातावरण अत्यंत सौहार्दपूर्ण आहे. मॅनेजरसाहेबांनी स्वतः केबिनमध्ये बसवले. पोहे व चहा दिला. सर्व प्रश्नांची उत्तरे आपुलकीने दिली. भेदभाव कुठेही आढळला नाही.'

मी चष्मा काढला. विचारलं, "चिन्मय, त्यांनी तुला आधी काय विचारलं?"

"नाव."

"मग?"

"आडनाव."

"मग?"

"मग म्हणाले, कुठले देशपांडे? मी सांगितलं. तर त्यांच्या मावसबहिणीच्या सासरचे आमच्या ओळखीचे निघाले! त्यानंतर पोहे आले."

रशीदभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मैं गया था पिछले साल उसी कंपनी में, नोटीस देने. मेरे को गेट पे-च पूछे थे, नाम. फिर पानी भी नै आया."

चिन्मयनं रिपोर्ट माझ्या हातातून परत घेतला. दुसऱ्या दिवशी टाय लावून आला नाही.

*

पहिल्या सुनावणीत कंपनीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एक तर भेदभाव झालेलाच नाही. बदल केला तो बाईंच्या गुडघ्यांसाठी. आणि झाला असलाच, तर तो कामगारांच्या हरकतीमुळं झाला."

माझं आयुष्य असल्या वाक्यांत गेलंय, म्हणून मला काही वाटलं नाही. रोहिणीनं मात्र माझ्या कानात विचारलं, "मॅडम, ह्यांना हेच शिकवतात का पुढच्या वर्षाला?"

समोरचे अधिकारी निवृत्तीला आलेले, माझ्याइतकेच थकलेले. माणूस वाईट नव्हता. टेबलावर फायली इतक्या की त्यांचा चेहरा बघायला मान उंच करावी लागायची. मी चिन्मयला बोलायची संधी दिली. तो घटनेच्या प्रस्तावनेपासून निघाला. समतेच्या कलमापर्यंत पोचला असेल-नसेल, अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"बाळ, घटना आहे. मला माहीत आहे. ती कुठं जात नाही. तारीख घ्या."

बाहेर व्हरांड्यात शोभाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसायला बाकडं होतं तरी. मी म्हटलं, बसा की. तर म्हणाल्या, "नको मॅडम. आतून कुणी बघितलं तर म्हणतील, गुडघं दुखतेत."

*

मग हरकत कुणाची आहे हे शोधायचं काम निघालं. रोहिणी आणि चिन्मय दोघं गेले, गेटबाहेर, शिफ्ट सुटताना, चहाच्या टपरीवर.

मशीनवरची पोरं म्हणाली, "आमची कसली हरकत? आम्ही तर मावशीला विचारून विचारून जेवायचो. पण सुपरवायझरला चालत नसंल."

सुपरवायझर म्हणाला, "माझं काही नाही हो. मी तर हॉटेलात कुठंबी खातो. कंत्राटदाराला विचारा."

कंत्राटदार म्हणाला, "आपण धंदेवाले माणसं. गिऱ्हाईक म्हणंल तसं. मला वरून फोन आला."

वरचा म्हणजे एचआरवाला. तो म्हणाला, "पॉलिसी लेव्हलला आमचा काहीच इश्यू नाही. इथं सगळे एका कुटुंबासारखे राहतो. साहेबांनाच काहीतरी वाटलं."

रोहिणीनं त्याला तिथंच सांगितलं, "सर, कुटुंबात पण कुणी तरी सगळ्यांच्या शेवटी जेवतं." त्यावर त्यानं घड्याळ बघितलं.

आणि मॅनेजर? चिन्मयला त्यांनी पुन्हा केबिनमध्ये बसवलं. रोहिणीसाठी खुर्ची मागवावी लागली. म्हणाले, "माझी हरकत? अहो, मी या जमान्यातला माणूस! पण कामगारांच्या भावना बघाव्या लागतात ना."

दोघं परत आले आणि रोहिणीनं फळ्यावर नावं लिहून बाण काढले. बाण फिरत फिरत जिथून निघाला तिथंच येऊन थांबला.

रशीदभाई लांबून बघत होते. म्हणाले, "वाह! भेदभाव है, करनेवाला-च कोई नै!"

चिन्मय हसला नाही. खडू हातात घेऊन त्या गोलाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे लिहायचं कुठल्या कलमाखाली?" इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कुठल्या इंटर्ननं विचारला नव्हता.

*

तारखा पडत गेल्या. दोघांची इंटर्नशिप संपली, सर्टिफिकेटं मिळाली, तरी दोघं येत राहिले. शोभाबाई प्रत्येक तारखेला यायच्या. त्यांचे हात बघवत नव्हते. सोड्याच्या पाण्यानं बोटांची कातडी सुटायला लागली होती. रोहिणी घरून कसलंसं मलम घेऊन आली आणि व्हरांड्यात बसून तिनं ते त्यांना लावलं. शोभाबाई लाजल्या. म्हणाल्या, "पोरी, तू वकील व्हनार. तू काय माझ्या हाताला लागती?" रोहिणी म्हणाली, "मावशी, गप बसा." मी दुसरीकडं तोंड करून फाइल चाळत राहिले.

शेवटी त्या अधिकाऱ्यांचाही धीर संपला. फायलींच्या वरून डोकं काढून म्हणाले, "कामगारांची हरकत आहे ना? मी येतो. बुधवारी. त्या दिवशी बाई स्वयंपाक करतील. कामगार जेवले तर कढई बाईंची. नाही जेवले तर विषय बंद."

मला संताप आला. माणसाचा हक्क दुसऱ्याच्या ताटावर ठरवायचा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी तसं बोललेही, आवाज चढवून बोलले. चिन्मय तर उभाच राहिला. पण आमच्या मागून शोभाबाई म्हणाल्या, "चालंल."

बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं. आपण पुढं जाऊ, वर जाऊ, वेळ लागेल पण जाऊ. त्यांनी मान हलवली.

"मॅडम, तुमच्यात दम हाय. माझ्यात नाय आता. बुधवारी एकदा कढईपुढं उभी राहते. जेवले तर जेवले. नाय तर घरी बसंन. पण भांड्यापाशी परत नाय बसायची."

त्या मंगळवारी मी कुणावरही चिडले नाही. रशीदभाईंनी काळजीनं विचारलं, "तबीयत ठीक है ना मॅडम?"

*

बुधवार.

आम्ही कॅन्टीनमध्ये शिरलो तेव्हा वास दारापर्यंत आला होता. फोडणीचा, खोबऱ्याचा, गरम भाकरीचा. शोभाबाई कढईपुढं उभ्या होत्या. पदर खोचलेला, चेहरा लाल. आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हाताखालच्या बाईला एवढंच म्हणाल्या, "जाळ बारीक कर गं."

कामगारांची रांग लागलेली. हातात रिकामी ताटं. पण रांग हलेना. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, खिडकीपाशी साहेबलोकांचं टेबल होतं तिकडं. तिथं मॅनेजर, एचआरवाला आणि कंत्राटदार बसले होते. साहेबांपुढं केबिनमधून आणलेला चहाचा कप होता. आमचे अधिकारी शेजारच्या खुर्चीत टेकले.

रांगेतली माणसं साहेबांकडं बघत होती आणि साहेब रांगेकडं. इथं नोकरी करणाऱ्या माणसानं आधी कुणी खायचं ते बघायचं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला रोहिणीच्या फळ्यावरचे बाण दिसायला लागले.

अधिकारी म्हणाले, "साहेब, तुम्ही सुरुवात करा. तुम्ही बसलात की ते बसतील. मीही जेवणारच आहे."

मॅनेजर हसले. "अगदी आवडलं असतं हो! पण नेमका आज माझा उपास आहे."

"बुधवारी?" रोहिणीच्या तोंडून निघून गेलं.

"हो. घराण्यातच आहे आमच्या."

एचआरवाला लगेच म्हणाला, "माझाही आहे. साहेबांमुळंच धरायला लागलो."

सगळ्यांनी कंत्राटदाराकडं बघितलं. त्याला चटकन काही सुचेना. मग म्हणाला, "माझा मंगळवार असतोय. काल राहून गेला, म्हणून आज धरलाय."

चिन्मय माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी वर्षाचे सगळे उपास होतात. राहिलेला उपास दुसऱ्या दिवशी धरलेला मी पहिल्यांदा बघतोय." आणि तो सरळ जाऊन रांगेत उभा राहिला.

मॅनेजरनं हाक मारली, "अहो देशपांडे, तुम्ही इकडं या, आमच्यात बसा!"

"नको साहेब," चिन्मय म्हणाला. "माझा उपास नाहीये."

त्यानं ताट पुढं केलं. शोभाबाईंनी वाढलं. पण तो पाहुणा. त्याचं जेवणं कुणी धरणार नव्हतं, हे रांगेलाही माहीत होतं. रांग तशीच. मग मधल्या एका पोरानं साहेबांकडं एकदा बघितलं आणि हातातलं ताट हळूच ताटांच्या चळतीवर परत ठेवून दिलं. मागच्यानं ठेवलं. त्याच्या मागच्यानंही. शोभाबाईंचा मुलगा रांगेच्या टोकाला होता, तो खाली बघत होता. अधिकाऱ्यांनी सुस्कारा टाकला आणि खिशातलं पेन काढलं. मी मनात म्हटलं, झालं. संपलं.

शोभाबाईंनी पळी कढईत सोडली. हात पदराला पुसले. कढईच्या मागं एक झाकलेलं पातेलं होतं, ते फडक्यात धरून त्या साहेबांच्या टेबलाकडं चालत आल्या. पातेलं टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं.

साबुदाण्याची खिचडी. वाफाळलेली, मोकळी, वर लिंबू पिळलेलं.

"साहेबलोकांचा आज उपास असंल, असं वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "कूट भाजून घातलंय. घ्या."

अधिकाऱ्यांचं पेन हातातच राहिलं. एचआरवाल्यानं साहेबांकडं बघितलं. कंत्राटदारानंही साहेबांकडंच बघितलं. रांगेनं, रोहिणीनं, मी, सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.

साहेबांनी घसा साफ केला. "नाही, त्याचं काय आहे... माझा निर्जळी असतो."

साहेबांपुढचा चहा अर्धा प्यालेला होता. वाफ अजून निघत होती.

शोभाबाईंनी कपाकडं बघितलं. मग साहेबांकडं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "मग साहेब, हा कप उचलते."

आणि उचलला.

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. मग ताटांचा एकदम खणखणाट झाला, आणि ज्या पोरानं ताट परत ठेवलं होतं तोच ओरडला, "मावशी, वाढा की! किती वेळ?"

"आले, आले!" म्हणत शोभाबाई वळल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या, हातातल्या कपाकडं बघितलं, परत आल्या आणि तो कंत्राटदाराच्या हातात दिला.

"एवढा विसळून ठेवा भाऊ. माझी माणसं खोळंबलीत."